मानसशास्त्र घेतलंय, तर पुढंपर्यंत शिकू द्या



माझ्या नणंदेची मुलगी यंदा बारावी झाली. कॉमर्सला चांगले गुण, त्यामुळे ती सीए करणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. तिनं मात्र मानसशास्त्रात बी.ए. करायचं ठरवलं. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि घरात विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, "वेड्यांचं शिक्षण कशाला गं?" नणंद म्हणाली, "घेऊ दे आई, सोपं असतं. तीन वर्षांत पदवी होईल, मग स्थळं बघू."

दोघींचं बोलणं मला खटकलं. नणंदेचं जरा जास्तच.

आधी सोपेपणाचं बघू. या विषयात पहिल्यापासून संख्याशास्त्र असतं. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं करावं लागतं. प्रात्यक्षिकं असतात. आरशात बघून चांदणीच्या रेघेवर पेन्सिल फिरवायची, किती चुका झाल्या ते मोजायचं आणि जर्नल लिहायचं. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा प्रयोगाचा विषय आहे. आपल्या देशातही कोलकाता विद्यापीठात १९१६ पासून तो शिकवतात. उपयोजित मानसशास्त्र म्हणजे हेच ज्ञान शाळा, कारखाना, दवाखाना इथं वापरणं. त्यात वेड्यांपेक्षा तुमच्याआमच्यासारख्यांचाच अभ्यास जास्त.

आता तीन वर्षांचं. नुसत्या बी.ए.वर कुणी मानसोपचार करू शकत नाही आणि करूही नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते लिहिलंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं शिक्षण लागतं, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करावं लागतं. शाळेत किंवा कंपनीत समुपदेशक व्हायचं तरी बहुतेक ठिकाणी एम.ए. विचारतात. (गोळ्या लिहून देणारे सायकियाट्रिस्ट वेगळे, ते एमबीबीएस होऊन पुढं शिकलेले डॉक्टर.) म्हणजे पदवी ही फक्त पहिली पायरी. तिथंच मुलीचं लग्न लावून शिक्षण थांबवलं, तर तिच्या हातात अर्धवट विद्या राहते. मग घरातल्या भांडणांत "तू सायकॉलॉजी केलंयस ना, समजाव की हिला" एवढाच तिचा उपयोग. तेही चूकच, कारण आपल्याच माणसांचा समुपदेशक होऊ नये हे त्या शास्त्रात आधी शिकवतात.

आणि अशा शिकलेल्या मुलींची आपल्याला गरज आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय ओळखायला आपण लहानपणापासून शिकतो. त्यामुळे बाळंतीण आठवडेच्या आठवडे रडत राहिली, बाळाकडे बघेना, तरी आपण म्हणतो, "सामायिक कर, मन स्थिर होईल." सामायिक जरूर करावं. पण तो आजार असेल तर उपचारही हवेत, जसे आपण मधुमेहाला घेतोच. मनाचा दोष कुठला आणि आजार कुठला, हे सांगणारी आपल्याच रीतिभातीतली एखादी बाई असेल, तर आपल्या सुना-लेकी तिच्याकडे मोकळेपणानं बोलतील. उपवास का केला, रात्री का जेवत नाही, हे तिला समजावून सांगायला लागणार नाही.

म्हणून प्रवेश घेतानाच घरात बसून पुरता हिशेब मांडा. पदवीची तीन किंवा चार वर्षं, पुढं एम.ए., क्लिनिकलला जायचं तर त्यावर आणखी प्रशिक्षण. खर्च किती, राहायची सोय कुठं, हे आत्ताच ठरवा. कॉलेजात प्रयोगशाळा चालू आहे का, तेही जाऊन बघा. मध्ये चांगलं स्थळ आलं तर शिक्षण पुरं करायची अट बोलणीच्या दिवशीच घाला. सोन्याबद्दल बोलताना आपण लाजत नाही, मग यात कसली लाज?

नणंद अजून "बघू" म्हणतेय. पण भाचीबरोबर कॉलेज बघायला आम्ही दोघी जाणार आहोत, एवढं तरी ठरलंय.