पन्नास पौंडांचा उक्ता सौदा

आंब्याची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला उक्ती देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. रोकड लवकर हाती पडते, वाऱ्यापावसाचा घोर दुसऱ्याच्या माथी जातो. असाच उक्ता सौदा फर्गस ह्यूम या रहस्यकथाकाराने केला होता. आज त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही.

ह्यूम १८५९ साली इंग्लंडात जन्मला, न्यूझीलंडमध्ये वाढला. वकिलीचे शिक्षण घेऊन तो ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एका वकिलाकडे कारकून झाला. हौस नाटके लिहिण्याची. पण नाट्यगृहांचे चालक नवख्याचे बाड उघडूनही पाहीनात. तेव्हा त्याने एका पुस्तकविक्रेत्याला विचारले, सर्वांत जास्त काय खपते? उत्तर आले, गाबोरिओ या फ्रेंच लेखकाच्या गुन्हेशोधाच्या कथा. ह्यूमने त्या आणून वाचल्या आणि तशीच एक कादंबरी लिहिली. बाजार विचारून पेरणी करणारा माणूस मला तरी आवडतो.

कादंबरीचे नाव 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब'. या घोडागाडीत गाडीवान मागे उंचावर बसतो, आतले त्याला दिसत नाही. रात्री भाडे पोचवायला जावे, तर आत प्रेत!

वसाहतीतला माणूस काय लिहिणार, म्हणून प्रकाशकांनी नाक मुरडले. १८८६ साली ह्यूमने पदरमोड करून पुस्तक छापले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे पाच हजार प्रती तीन आठवड्यांत संपल्या. आणि मग त्याने सारे हक्क अवघ्या ५० पौंडांना विकून टाकले. मोहोरावर नव्हे हो, झाड फळांनी वाकलेले दिसत असताना!

घेणाऱ्यांनी १८८७ साली पुस्तक लंडनला नेले. तिथे लाखो प्रती खपल्या. ह्यूमला त्यातला एक छदामही मिळाला नाही. आर्थर कॉनन डॉइलनेही शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी २५ पौंडांना उक्तीच दिली होती. पण पुढच्या होम्सकथांना तो दर वाढवून घेत गेला.

ह्यूम १८८८ साली इंग्लंडला गेला. शंभराहून अधिक कादंबऱ्या त्याने लिहिल्या, पण पहिलीसारखी एकही चालली नाही. १९३२ साली एसेक्समधील थंडर्स्ली गावी तो वारला. मेलबर्नच्या त्या पहिल्या छपाईच्या जगात आता मोजक्याच प्रती उरल्या आहेत.