उचल घेण्याआधी काम हवे

1972 चा दुष्काळ मराठवाड्यात आजही काळ मोजायची खूण आहे. त्याच सुमारास सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, माली आणि नायजर या देशांत, तुआरेग लोकांची गुरे आणि उंट कळपांनी मेले. हे लोक पिढ्यानपिढ्या नायजरमधल्या बिल्माचे मीठ उंटांच्या काफिल्यांवर लादून दक्षिणेच्या बाजारांत नेत आणि बदल्यात बाजरी आणत. आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अवघी दख्खन पालथी घालणारा बंजारा तांडा हेच काम करत होता. तिकडे मालमोटारी आल्या, इकडे रेल्वे आली आणि दोघांचाही धंदा बसला. दुष्काळात मात्र दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. तिकडची मदत मुख्यतः गावाबाहेरच्या छावण्यांत धान्य म्हणून पोचली. महाराष्ट्राने पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी कामे काढली आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा करून मागेल त्याला काम हा हक्क मान्य केला. ज्या राज्याने हे करून दाखवले, त्याच राज्यात परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या बंजारा तांड्यांतून दसरा-दिवाळी झाली की बरीच कुटुंबे ऊसतोडीला का निघतात, हे विचारायलाच हवे.

तांड्यांसाठी सरकार काहीच करत नाही, असे नाही. वसंतराव नाईक यांच्या नावाने तांडा-वस्ती सुधार योजना आहे. तीतून जोडरस्ता, गटार, दिवे, समाजमंदिर होते. ही कामे हवीच आहेत. पण ज्या घरासमोर सिमेंटचा रस्ता झाला त्या घराला वर्षातले पाच-सहा महिने कुलूप असेल, तर पैसा कुठे कमी पडतो ते उघड आहे. सहाराच्या त्या दक्षिण पट्ट्यात, साहेलमध्ये, सरकारांनी मोठ्या खर्चाने खोल विंधन विहिरी घेतल्या होत्या. पाणी मिळाले म्हणून कळप तिथेच थांबले, भोवतालचे गवत संपले आणि दुष्काळात भरल्या पाण्याशेजारी जनावरे उपाशी मेली. लोक कशावर जगतात हे न पाहता बांधकाम केले की असे होते.

जिंतूरमध्ये हे समजायला येलदरीचे धरण पुरेसे आहे. पूर्णा नदीवर 1968 मध्ये ते पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते, पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे तिथून सुटतात. भिजते ती वसमत-परभणीकडची सपाट काळी जमीन. वरचे डोंगर, त्यांवरची मुरमाड शेते आणि तांडे पावसावरच राहिले. नायजरमध्येही असेच झाले: आर्लितच्या खाणींतून 1970 च्या दशकापासून युरेनियम निघाले, त्यावर फ्रान्समधल्या अणुभट्ट्या चालल्या आणि भोवतालच्या तुआरेग कुटुंबांच्या वाट्याला फार थोडे आले. धरण बांधणे चूक होते असा याचा अर्थ नाही, खालच्या शेतकऱ्याचे त्यावर पोट आहे. पण नदी अडवताना ज्यांच्या उतारावरचे पाणी आपण मोजून घेतले, त्यांच्या उतारावर पाणी मुरवण्याची जबाबदारी राज्याची आहे. समतल चर, माती नालाबांध, शेततळे, चराईबंदी पाळून राखलेले गवत: हे सारे महाराष्ट्राने इतरत्र केलेले आहे. त्यावर रब्बीचे एक पीक आणि चार शेळ्या उभ्या राहतात. तेवढ्यानेही ऊसतोडीच्या मुकादमाकडून पावसाळ्यात आगाऊ घ्यायच्या उचलीची रक्कम कमी होते.

सगळा पेच या उचलीत आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधीच, पेरणीचे कर्ज आणि दवाखाना अंगावर असताना, रोख पैसे हातात ठेवतो. मग पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कोपीत राहायचे. आजारपणात एक दिवस चुकला तरी खाडा धरला जातो. लोक स्वखुशीने जातात, ऊसतोडीत पैसा जास्त आहे, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य एवढेच की गरजेच्या वेळी रोख देणारा दुसरा कोणी नाही. रोजगार हमीचे काम उशिरा निघते आणि मजुरी त्याहून उशिरा जमा होते. ऑगस्टमध्ये तांड्याजवळ काम सुरू असेल आणि मजुरी पंधरवड्यात हाती येत असेल, तरच निवड आहे असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फिरत्या माणसाला सोयी द्यायच्या कशा, आधी त्यांनी एका जागी राहावे. तुआरेगांना हेच दशकानुदशके ऐकावे लागले. अखेर 2010 मध्ये नायजरने पशुपालकांची ये-जा हा त्यांचा मूलभूत हक्क असल्याचे कायद्यात लिहिले. ऊसतोडीचे स्थलांतर मात्र परंपरा म्हणून जपण्यासारखे मुळीच नाही, ते थांबायलाच हवे. पण ते थांबेपर्यंत माणसामागे हक्कही गेले पाहिजेत आणि ते अशक्य नाही. रेशनकार्ड आता देशात कुठल्याही दुकानात चालते. मग साखर कारखान्याच्या तळावर लसीकरण, गरोदर बाईची तपासणी आणि आधीच्याच शाळेच्या पटावर नाव ठेवून मुलाची हजेरी का चालू नये? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना सरकारने केलीच आहे. त्यांत घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणाऱ्या लेकराला समजून घेणारा शिक्षक असला, तर ते लेकरू तिथे टिकेल. शिवाय ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत, त्यांना अनुदानही दिले गेले आहे. कोयत्याचे काम आटेल तेव्हा डोंगरावर दुसरे काही उभे नसेल, तर ही कुटुंबे कुठे जातील?

बहुतेक तांडे मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत मोडतात आणि कामांच्या यादीत मागे पडतात. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला तांड्यातली माणसे गावातच असतील, मुकादमही तोवर पोचलेला असेल. जिंतूरच्या सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि पंचायत समितीने त्या दिवशी तांड्याच्या उतारावरची पाण्याची कामे यादीत सर्वांत वर घ्यावीत आणि पोळ्याच्या आत हजेरीपट सुरू करावा.