मराठी शाळेचा पट तिसऱ्या वर्षीच ठरतो

दिवाळी सरली की बेळगावात टिळकवाडीपासून वडगावपर्यंत प्रवेशाचे फलक झळकू लागतात : नर्सरी, एलकेजी, युकेजी. त्याच सुमारास नोकरी करणाऱ्या तरुण आईबापांच्या घरी एकच खल चालतो. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी सांभाळणारी मावशी ठेवावी, की त्याला नर्सरीत घालावे? हा प्रश्न सोयीचा आणि पैशाचा समजला जातो. सीमाभागात तो आधी भाषेचा प्रश्न आहे, आणि पाट्यांवरील प्रत्येक अक्षरासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या चळवळीने त्याकडे साफ पाठ फिरवली आहे, असा माझा आरोप आहे.

मराठी शाळांचा पट का घसरतो, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. दोष सरकारला, इंग्रजीच्या लाटेला, शिक्षकांच्या रिक्त जागांना दिला जातो. या तक्रारी खऱ्या आहेत. पण एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. मराठी शाळा मुलाची वाट पाहते ती सहाव्या वर्षी, पहिलीच्या दारात. इंग्रजी शाळा त्याला तिसऱ्या वर्षी उचलते. नर्सरीची फी भरली, गणवेश घेतला, रिक्षावाला ठरला, मुलाला मित्र मिळाले. तीन वर्षांनी त्याच आवारातली पहिली सोडून कोणता बाप त्याला मराठी शाळेत नेईल? माध्यम कोणते, हा निर्णय त्या घरात कधी झालाच नाही. झाला तो फक्त ‘सकाळी चार तास मूल कुठे ठेवायचे’ हा निर्णय, आणि त्याच्याच पोटात माध्यम निघून गेले.

कायदाही येथे हात देत नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत आलेला अनुच्छेद ३५०-अ हा भाषिक अल्पसंख्याकांचा मोठा आधार. पण मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयींविषयी तो बोलतो तो प्राथमिक टप्प्यापुरता. अनुच्छेद २१-अ चा शिक्षणहक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. सहा वर्षांखालील बालकांची जबाबदारी २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये घातली खरी. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर न्यायालयाकडून अंमलबजावणी मागता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ असे आहे. आणि ‘करू शकेल’चा अर्थ वकिलांनाच नव्हे, सर्वांनाच ठाऊक असतो. तीन ते सहा ही वर्षे अशी कायद्याच्या कुंपणाबाहेर पडली आणि बाजाराने ती उचलली.

६ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचकांना आठवत असेल. पहिली ते चौथी मातृभाषेची किंवा कन्नडची सक्ती करणारे कर्नाटक सरकारचे १९९४ चे धोरण घटनापीठाने रद्द ठरवले. मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे पालक ठरवतील, सरकार नव्हे, असेही सांगितले. सीमाभागातील मराठी पालकाला ही ढाल मिळाली, याचा आनंद मलाही झाला. पण त्याच निकालाचा दुसरा अर्थ आपण सोयीने वाचत नाही. नर्सरीच्या दारात आता सरकारकडे बोट दाखवता येणार नाही. अर्जावर सही आपली असते.

आता मावशीकडे वळू. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा अशा आसपासच्या गावांतून आलेली बाई दिवसभर एका मुलाशी बोलते. भात भरवताना, कपडे घडी करताना, दाराशी आलेल्या भाजीवालीशी घासाघीस करताना ती बोलतच असते. मूल मध्येच विचारते, ती उत्तर देते, रागावते, समजूत घालते. तो भात, ती भाकरी, ते दूध. घोडा पण घोड्याला, पाणी पण पाण्यात. मराठीचे हे लिंगभेद आणि सामान्यरूपे मोठेपणी शिकणाऱ्याला घाम फोडतात. मुलाला ती कोणी शिकवत नाही; दिवसाला शेकडो वेळा कानावर पडून ती आपोआप बसतात. याउलट एका बाईंपुढे पंचवीस-तीस मुले बसवलेल्या नर्सरीत मुलाच्या वाट्याला येते ती मुख्यतः आज्ञार्थी भाषा : सिट डाउन, कम हिअर, फिंगर ऑन लिप्स. त्यातल्या तिसऱ्या आज्ञेचा अर्थ तर बोलू नकोस असाच आहे. मग मूल घरी येऊन रंगांची नावे इंग्रजीत म्हणते आणि आजी-आजोबा धन्य होतात!

येथे सुशिक्षित घरांतून एक हरकत येते, आणि ती ऐकून माझा संताप होतो. ‘मावशीची मराठी अशुद्ध आहे हो. ती मी येतो, मी जातो म्हणते. उद्या आमची मुलगीही तसेच बोलेल.’ बोलेना का! कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तसेच बोलत आल्या आहेत. कानडीच्या शेजाराने आपल्या बोलीला जो हेल दिला, तो या मातीचा आहे. अण्णा आणि अक्का हे शब्द मराठीने तिकडूनच घेतले. प्रमाण मराठी पुढे पुस्तकातून येईल. पण जिला बोलीच मिळाली नाही, तिला प्रमाणभाषा कशावर रोवायची? मावशीच्या मराठीची लाज वाटणारे हेच लोक व्यासपीठावरून सीमाभागातील मराठी जगली पाहिजे म्हणतात. ती कोणाच्या तोंडात जगावी, अशी यांची अपेक्षा आहे?

प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. घरी येणाऱ्या मावशीला परवाना नाही, तपासणी नाही. ती आजारी पडते, गावच्या जत्रेला जाते, आणि कधीकधी मुलाच्या हाती मोबाइल देऊन शेजारणीशी गप्पा मारत बसते. मोबाइल देणारी मावशी असेल, तर माझे वरचे सारे विवेचन रद्द समजावे. तो पडदा मराठीत बोलत असला तरीही. शिवाय मुलाला सवंगडी हवेत, हे मान्य. म्हणून बोलभांड, गोष्टीवेल्हाळ बाई निवडावी; वेळ, पगार, साप्ताहिक सुटी हे कागदावर लिहून द्यावे, आणि पगार देताना नर्सरीची वार्षिक फी डोळ्यांसमोर ठेवावी. संध्याकाळी मुलाला गल्लीत खेळायला सोडावे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात बंधनकारक झाली आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आहे. उद्यमबागेत काम करणाऱ्या किती आयांना हे कोणी सांगितले आहे?

बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील वाचक म्हणतील, आमच्याकडे मराठी मावशी मिळतच नाही. बरोबर आहे. तेथे सांभाळणारी गुजराती, हिंदी किंवा तेलुगू बोलते, आणि त्यात काही बिघडत नाही. शेजारची भाषा जिवंत माणसाकडून शिकणे हे नर्सरीतल्या इंग्रजीपेक्षा शतपटीने बरे. मात्र तेथे मराठीचा सारा भार घरावर येतो, आणि आईबापांनी आपसांतली भाषा बदलली की तो भार उचलणारे कोणी उरत नाही.

चौथ्या वर्षानंतर मात्र मावशी पुरत नाही, आणि येथे माझा रोख आपल्या मराठी संस्थाचालकांवर आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच शाळा भरू लागली. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया आणि पाने घेतली. बालवाडी, अंगणवाडी हे शब्द मराठीने साऱ्या देशाला दिले. आणि आज बेळगाव-खानापुरातील ज्या मराठी शाळांत वर्गखोल्या रिकाम्या पडल्या आहेत, तेथील चालक पहिलीला मुले मिळत नाहीत म्हणून निवेदने देत फिरतात. एक रिकामी खोली, दोन प्रशिक्षित शिक्षिका, दुपारी दोनपर्यंतची वेळ, कारण नोकरदार आईला अकरा वाजता सुटणारी बालवाडी कामाची नाही, आणि गावातून मुले आणणारी एक गाडी. एवढी तयारी जूनपूर्वी करता येते. इंग्रजी शाळांचे अर्ज सुटण्याआधी तुमचा फलक लागलेला असावा.