दोन वह्यांचा गृहस्थ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत हिशेबाच्या वह्यांची पूजा होते. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी झेंडूचे फूल, लाह्या-बत्तासे! मग प्रसाद वाटता वाटता व्यापारी मंडळींत एक ठरलेले वाक्य निघते. "अहो, सरकारात एखादा पेढी चालवलेला माणूस बसवा. वर्षभरात कारभार सुतासारखा सरळ करील!" म्हणणारा मनापासून म्हणतो, ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र अशा वेळी डॉ. जॉन मथाई आठवतात.

वाचकहो, हे नाव आता फारसे कोणाच्या तोंडी नाही. मथाईंचा जन्म 1886 सालचा, केरळातल्या कालिकतचा. मद्रासला त्यांनी अर्थशास्त्र शिकवले, सरकारी चाकरी केली आणि 1940 साली ते मुंबईत टाटांकडे आले. 1944 साली देशातल्या आठ बड्या मंडळींनी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई अशा नावांच्या पंक्तीत मथाईंचेही नाव होते. पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चून दरडोई उत्पन्न दुप्पट करायचे, असा तिचा संकल्प. गंमत पाहा, उद्योगपतींनीच सरकारला सांगितले की बाबांनो, नियोजन करा!

स्वातंत्र्य आले आणि मथाई रेल्वेमंत्री झाले. फाळणीने रूळ, डबे आणि माणसे यांची वाटणी केली होती. निर्वासितांनी गाड्या ओसंडत होत्या. त्यातून स्वतंत्र भारताचे पहिले रेल्वे अंदाजपत्रक त्यांनी नोव्हेंबर 1947 मध्ये मांडले. 1948 च्या सप्टेंबरात षण्मुखम् चेट्टी यांच्या जागी ते अर्थमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, 1949 च्या सप्टेंबरात, पौंडापाठोपाठ रुपयाचेही अवमूल्यन करावे लागले. अर्थमंत्र्याच्या वाट्याला फुलांचे हार क्वचितच येतात, ते असे.

आणि मग आले 1950 साल. प्रजासत्ताकाचे पहिले अंदाजपत्रक मथाईंनी 28 फेब्रुवारीला मांडले, आणि नियोजन मंडळ स्थापन होणार हे त्याच भाषणात सांगितले. मार्चमध्ये मंडळ अस्तित्वात आले. अध्यक्ष खुद्द पंतप्रधान नेहरू. आणि त्याच उन्हाळ्यात मथाईंनी राजीनामा दिला! मतभेदाची कारणे एकाहून अधिक होती. पण मुख्य कारण हे नियोजन मंडळच.

मुंबई योजनेवर सही करणारा माणूस नियोजनाला विरोध करतो, हे काय गौडबंगाल? काहींनी तेव्हा म्हटले असेल की शेवटी टाटांचाच माणूस, भांडवलदारांची बाजू घेणारच. मला तसे वाटत नाही. मथाईंचा आक्षेप योजनेला नव्हता, तिजोरीच्या किल्लीबद्दल होता. हे मंडळ मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे मंत्रिमंडळ होऊन बसेल, ही त्यांची भीती. संसदेत उभे राहून पैशा-पैशाचा जाब द्यायचा अर्थमंत्र्याने; आणि तो पैसा कोठे जावा हे ठरवायचे अशा मंडळींनी, ज्यांना संसदेत कोणी प्रश्नच विचारू शकत नाही! हा हिशेब त्यांना जुळेना.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. देश गरीब, मागण्या हजार. जो तो मंत्री आपल्याच खात्याकडे ओढणार. मग साऱ्या देशाचा एकत्र विचार कोणी करायचा? नेहरूंचे म्हणणे टाकाऊ नव्हते. मथाईंच्या जागी आले आपले चिंतामणराव देशमुख, आणि ते आधीच नियोजन मंडळाचे सभासद होते. भांडणारी दोन्ही घरे एकाच माणसाच्या हाती आली, म्हणून तंटा मिटल्यासारखा झाला. पुढे 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीही राजीनामा दिला. मराठी माणसाला तो राजीनामा तोंडपाठ आहे, मथाईंचा नाही. मुंबई आपल्या काळजाचा विषय आहे. खर्चावर कोणाचा ताबा असावा, हा रुक्ष विषय. पण रुक्ष विषयापायीसुद्धा माणूस खुर्ची सोडू शकतो, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

नियोजन मंडळ मात्र टिकले, थोडेथोडके नव्हे, सुमारे पासष्ट वर्षे. 1 जानेवारी 2015 रोजी त्याच्या जागी नीती आयोग आला आणि राज्यांना योजनांचा पैसा वाटण्याचे त्याचे काम अर्थखात्याकडे गेले. यावरून मथाई जिंकले असे मी म्हणणार नाही. त्यांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता.

राजीनाम्यानंतर ते रुसून बसले नाहीत. सरकारने नेमलेल्या करचौकशी आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी 1953 साली घेतले. 1955 साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1959 साली ते वारले.

तेव्हा पेढी चालवलेला माणूस सरकारात जरूर बसवावा. फक्त एक पारख आधी करावी. पेढीवर मालक एक असतो आणि तो खूश असला की भागते. सरकारात मालक कोट्यवधी, आणि त्यांतल्या प्रत्येकाला हिशेब विचारण्याचा हक्क. त्या हक्कासाठी पंतप्रधानांशी वाद घालील आणि वेळ आली तर घरी जाईल, असा कोणी तुमच्या पाहण्यात असेल, तर त्याचे नाव अवश्य सुचवा.