गिअरबॉक्स खोलायच्या आधी एक मिनिट थांबा

मागच्या आठवड्यात चिकलठाण्यातल्या एका ओळखीच्या चालकाचा फोन आला. एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करतो, गाडी हप्त्यावर. "भाऊ, गिअर पडत नाही. रिव्हर्सला तर नुसता करकर वाजतो. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला, अडतीस हजार लागतील." गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एकट्या त्याची नाही.

मी मेकॅनिक नाही. पण स्वतःच्या जुन्या गाडीपायी गॅरेजच्या बाकड्यावर बरीच वर्षं काढलीत. म्हणून एकच विचारलं, इंजिन बंद करून गिअर टाकून बघितलास का? नव्हतं बघितलं. सपाट जागी हँडब्रेक ओढून बघितलं तर सगळे गिअर आरामात पडले. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता, क्लच पूर्ण सुटत नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने क्लचची केबल बदलली. हजाराच्या आत काम!

क्लच सुटला नाही की पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं, म्हणून दाते घासतात. इंजिन बंद असतानाही गिअर कडक पडला, तर मात्र दोष लिव्हरच्या केबलमध्ये, बुशमध्ये किंवा आत असू शकतो. एकाच गिअरला करकर असेल तर संशय त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर. चालू गाडीत गिअर आपोआप बाहेर येत असेल तर मात्र टाळू नका. आणि सेव्हन हिल्सचा उड्डाणपूल चढताना इंजिन ओरडतंय, पण गाडी वेग घेत नाही, वर जळका वास, तर क्लचप्लेट घसरतेय.

ती प्लेट लवकर का संपते? शिफ्ट सुटल्यावर मुकुंदवाडीपासून पुढे जालना रोडवर एकदा गाडी चालवून बघा. फूटभर सरका, थांबा, परत सरका. पाय सतत हाफ क्लचवर. या कोंडीचा खर्च महापालिकेच्या कुठल्या हिशेबात दिसणार आहे? तो चालकाच्या खिशातून जातो.

आता मिस्त्रीची बाजू. दोष शोधायचे पैसे आपण देतो का? "नुसतं बघितलं तर त्याचे काय घेता?" असं आपणच म्हणतो. मग त्याची कमाई फक्त खोलण्यात आणि पार्ट बदलण्यात उरते. दोनशे-तीनशे रुपये तपासणीचे द्या ना! पण मग जॉबकार्डवर लिहून घ्या, काय तपासलं, काय सापडलं, अंदाजे खर्च किती. जुने पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या, जीएसटीचा कंटाळा करू नका.

सेवेतल्या त्रुटीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही. १९१५ ही हेल्पलाइनही आहे. पण हातात कागदच नसेल तर तिथे जाऊन दाखवणार काय?

कामगार वाहतुकीतल्या आपल्या भावांपर्यंत हे पोचवा. असा अनुभव आला असेल तर खाली लिहा, गॅरेजचं नाव न घेता. गाडीचं लक्षण काय होतं आणि शेवटी निघालं काय, एवढंच लिहा.