न दुखणारी गाठ

दुखते तो आजार आणि दुखत नाही ते काहीच नाही, हा आपल्या घरोघरचा जुना हिशेब आहे. दाढ ठणकली, पोटात कळ आली की माणूस दवाखाना गाठतो. स्तनाचा कर्करोग नेमका हाच हिशेब चुकवतो. त्याची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हाताला लागते, पण त्रास देत नाही. मग मुलीची परीक्षा होऊ दे, सुगी आटोपू दे, दिवाळी जाऊ दे, असे एकेक निमित्त पुढे येते. त्यातून जागा अशी, की नवऱ्याला सांगायलाही जीभ रेटत नाही. ती बाई डॉक्टरांपुढे येते तेव्हा कित्येकदा गाठ काखेपर्यंत पोहोचलेली असते.

भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. तंबाखू सोडली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका घटतो, तसा एखादा हुकमी उपाय इथे नाही. बाळाला अंगावर पाजणे, वजन आटोक्यात ठेवणे, मद्य टाळणे यांनी धोका काहीसा कमी होतो. पण वाढते वय कुणाला टाळता येत नाही. म्हणून सारी भिस्त लवकर निदानावर येते.

दर ऑक्टोबरात या विषयाची जाग येते. इमारती गुलाबी दिव्यांनी उजळतात, भाषणे होतात आणि ‘महिलांनी स्वतःची तपासणी करावी’ असा उपदेश होतो. आपल्या शरीराची ओळख असणे चांगलेच. पण हा उपदेश पुरेसा आहे का? शांघायमधील कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी निम्म्या जणींना स्वतपासणी नीट शिकवली गेली. २००२ साली निष्कर्ष आले तेव्हा दिसले, की केवळ या शिकवण्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

मग मृत्यू कशाने कमी होतात? याचे एक उत्तर आपल्या मुंबईतच मिळाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हातांनी तपासणी केली. ना मोठे यंत्र, ना क्ष-किरण. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के आढळले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

अर्थ स्पष्ट आहे. जबाबदारी एकट्या बाईवर टाकून भागणार नाही. शिकलेला हात तिच्या दारापर्यंत गेला पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितलेली आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची स्तनतपासणी एकदा तरी झाली, त्यांचे प्रमाण १ टक्काही भरले नाही. कागदावरची योजना आणि गावातले उपकेंद्र यांतले अंतर एवढे आहे!

शिवाय गाठ सापडल्यावर पुढची वाटही जवळ हवी. तुकडा काढून तपासणीसाठी जिल्ह्याचे ठिकाण, उपचारासाठी परळ, गाडीभाडे, बुडालेली मजुरी. या साखळीत बाई मध्येच गळते. जिल्हा रुग्णालयात निदानाची सोय झाली नाही, तर गावोगावची तपासणी वाया जाईल.

भीतीचे ओझे तरी घरच्यांनी उतरवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. आणि असली, तरी लहान असताना सापडली तर अनेकींचा स्तन राखून शस्त्रक्रिया करता येते. अमेरिकेत आणि इटलीत वीस वर्षे रुग्णांचा मागोवा घेतल्यावर, अशा शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच असल्याचे २००२ साली सिद्ध झाले. स्तनात वा काखेत गाठ, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा. यांपैकी काहीही दिसले, तर दुखण्याची वाट पाहू नये. सुगी थांबत नाही, तशी गाठही थांबत नाही. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेणे, हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे.