सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे?

पुण्याच्या एका मित्राने हा प्रश्न विचारला आणि मी चटकन म्हणालो, "काही नाही." त्या उत्तराची आज लाज वाटते.

मित्रहो, एका रविवारी बाळीवेशीपासून साखर पेठेपर्यंत पायी चाला. वाटेत कानडी, मराठी, उर्दू कानावर पडेल आणि पुढे यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू. १८७७ साली निघालेली 'जुनी गिरणी' केव्हाच बंद पडली. पण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी चादरीचे नाव राखले. दुकानात तेल सुटलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या. भूक भागेल, शिवाय कष्टकऱ्यांची शिदोरी कशी असते तेही कळेल.

परतताना चार पुतळ्यांपाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी हे चौघे येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. ही नावे एका रांगेत वाचली की या गल्ल्यांचा अर्थ उमगतो.

आपणच "काही नाही" म्हणत राहिलो, तर उद्या खरोखरच काही उरणार नाही.